बेसिनमध्ये ओतलेलं सिरप

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही तळी आहेत. त्यांतल्या एका तळ्यात २००१ ते २००३ या काळात दर उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळण्यात आलं. प्रमाण किती? लिटरला जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम. तरीही फॅटहेड मिनो या छोट्या माशांच्या नरांमध्ये अंड्यांसाठी लागणारं प्रथिन तयार होऊ लागलं, आणि पाहता पाहता ती जात त्या तळ्यातून जवळपास नाहीशी झाली. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या तळ्यात औषध मुद्दाम मिसळलं होतं; नद्यांत ते सांडपाण्यातून पोहोचतं. सांडपाण्यातलं बरंचसं औषध आपल्या लघवीवाटेच येतं. आजारी माणसाचा त्याला इलाज नाही. पण मुदत संपलेलं सिरप बेसिनमध्ये ओतणं नक्कीच टाळता येतं. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू विष्ठा आणि अन्नाचे कण खातात, औषधांचे टिकाऊ रेणू पचवणं त्यांना जमतंच असं नाही. फिट्सवर दिलं जाणारं कार्बामॅझेपिन तर तिथून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि जिथे अँटिबायोटिक सतत थोडं थोडं मिसळत राहतं, तिथे त्याला दाद न देणारे जिवाणूच तगतात.

मोजक्या औषधांबाबत मात्र उलटा सल्ला आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशी १७ औषधं परत देण्याची सोय नसेल तर फ्लश करावीत, असं भारताच्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने मे २०२५ मध्ये सांगितलं. वापरून काढलेल्या फेंटानिलच्या पट्टीतही इतकं औषध उरतं, की ती लहान मुलाच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो. इथे घरातला धोका नदीच्या धोक्याहून मोठा आहे.

बाकीची औषधं? २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या औषधांना घरगुती घातक कचरा ठरवलं होतं. हा कचरा वेगळा गोळा व्हायला हवा. केरळने कोळिकोडमध्ये अशी औषधं गोळा करण्याची योजना सुरू केली. तशी सोय आपल्या प्रत्येक वॉर्डात हवी, आणि ती नगरसेवकांकडे हक्काने मागावी. तोवर गोळ्या पाकिटातून काढून, न कुटता, चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवाव्यात, पिशवीत घट्ट बांधून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळ्या द्याव्यात. पाकिटावरचं रुग्णाचं नाव खोडावं. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बाटलीत टाकाव्यात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या हातांना त्या टोचणार नाहीत. दम्याचा पंप रिकामा वाटला तरी त्याला भोक पाडू नये, जाळूही नये. आतल्या दाबाने तो फुटू शकतो.