पुनर्जन्म घेणारी इजिप्तची राजकन्या

२००१ सालच्या 'द ममी रिटर्न्स' या साहसपटात नायिका एव्हलिन ही फॅरो, म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा, पहिला सेती याच्या नेफर्तिरी नावाच्या कन्येचा पुनर्जन्म असल्याचे दाखवले आहे. पण हा साचा जुना असून १९३२च्या 'द ममी' चित्रपटातली नायिकाही अशाच एका राजकन्येचा नवा जन्म ठरते. गंमत अशी, की ममी, म्हणजे क्षारांनी सुकवून कापडी पट्ट्यांत गुंडाळलेले शव, ज्या श्रद्धेने जपले जाई तिच्यात मृताचे जीवन परलोकात चालू राहावे ही अपेक्षा होती, पृथ्वीवर नवा देह मिळावा ही नव्हे. इजिप्तचे लोक आत्म्याचे देहांतर मानतात, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले असले, तरी इजिप्तच्या स्वतःच्या धर्मलेखनातून त्याला फारसा आधार मिळत नाही. कथाकारांचे मात्र त्यावाचून काही अडले नाही. हैदराबादच्या राज्य वस्तुसंग्रहालयात एका तरुणीची खरीखुरी ममी असून ती टॉलेमी राजघराण्यातील राजकन्येची असल्याचे सांगितले जाते, त्यामुळे भारतातील जिज्ञासूला या कथांचे मूळ द्रव्य पाहण्यासाठी कैरो गाठावे लागत नाही.