आधी दार उघडे हवे

‘आधी गर्द सोड, मग तपासतो,’ असे मी उमेदीच्या काळात पुलाखाली राहणाऱ्या एका गर्भवती मुलीला बजावले होते. ती पुन्हा फिरकली नाही. माझा उपदेश वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा होता.

गर्द, हेरॉइन यांसारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन एकाएकी तोडल्यास कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात, गर्भालाही धोका संभवतो, आणि बहुधा व्यसन पुन्हा उफाळते. म्हणून अशा गर्भवतीला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देखरेखीखाली नियमित द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली.

पण बेघर मुलगी औषधापर्यंत पोचणार कशी? कॅनडातील व्हँकूव्हर शहरात ‘शीवे’ हे केंद्र १९९३ पासून अशा मातांसाठी चालते. व्यसनमुक्तीची अट नाही. गरम जेवण, गर्भारपणातील तपासणी, निवाऱ्यासाठी मदत आधी मिळते. तेथीलच एका रुग्णालयाच्या ‘फर स्क्वेअर’ विभागात नवजात बाळ आईजवळच ठेवतात. व्यसनाधीन मातेचे बाळ कधी थरथरते, किंचाळून रडते. मंद उजेड, आईच्या अंगाची ऊब आणि, ती उपचारांवर स्थिर असल्यास, अंगावरचे दूध यांनी ते निवते. पुष्कळदा औषधही कमी लागते. बाळ हिरावले जाईल या भीतीनेच तर या मुली दवाखाना टाळतात!

आपल्याकडेही ब्युप्रेनॉर्फिन शासकीय उपचार केंद्रांतून मोफत मिळते. जवळच्या केंद्राची चौकशी १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर करता येते. अशी मुलगी भेटल्यास तिला एकटीला धाडू नये, सोबत जावे.