नोंदवहीपर्यंतची वाट

आपल्या सीमाभागातील जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडले, की या प्रदेशाचा इतिहास त्याच्या पानांवर उतरलेला दिसतो. १९४८ पूर्वीच्या नोंदी बहुधा उर्दूत असतात, कारण निजामी कारभाराची भाषा ती होती. तारखाही फसली सनाच्या. पुढे मराठी पाने येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि शेजारचा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून कन्नडचा वाटा वाढत जातो. एकाच वहीत तीन लिप्या, दोन कालगणना आणि चार पिढ्या नांदत असतात.

या वहीचे मोल भावनेपुरते नाही. जन्मतारीख, जात, मातृभाषा यांचा अनेक कुटुंबांतील पहिला लेखी पुरावा हाच असतो. २०१२ साली संमत झालेल्या ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आला आणि या भागातील रहिवाशांना शिक्षणात व नोकऱ्यांत आरक्षण मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यासाठी आपण येथलेच आहोत हे दाखवावे लागते, आणि तेथे आजोबांचा शाळेचा दाखलाही उपयोगी पडू शकतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेच्या नोंदी संगणकावर घेण्याच्या कामात मी सहभागी होतो. एका विक्रेत्याकडून तयार आज्ञावली विकत घेतली, उन्हाळ्याच्या सुट्टीत नोंदी टंकित केल्या आणि सर्वजण निश्चिंत झालो. पुढे तो संगणक बिघडला. नोंदींची फाइल दुसऱ्या संगणकावर सुखरूप उतरविता आली, पण ती उघडणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालेना. विक्रेत्याने व्यवसाय बंद केला होता, आणि फाइलची आतील रचना त्याच्याखेरीज कोणास ठाऊक नव्हती. कागदी रजिस्टरे कपाटात होती, परंतु कोणाचे नाव कोणत्या वर्षीच्या कोणत्या पानावर आहे हे सांगणारी अनुक्रमणिका संगणकातच अडकली होती. आजोबांच्या दाखल्यासाठी औराद तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी तीन वेळा रिकाम्या हाताने परत गेली. माहिती आपली होती, जपलेली होती. तिच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र दुसऱ्याच्या हाती होती. ही वाट स्वतः कशी बांधावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. संगणकावरील माहितीच्या व्यवस्थेत तीन घटक असतात. पहिला डेटाबेस, म्हणजे नोंदींची कोठी. दुसरा, आपण समोर पाहतो ती आज्ञावली, जी नाव विचारते व दाखला छापते. या दोहोंमध्ये तिसरा घटक असतो, त्यास संगणकाच्या परिभाषेत 'लायब्ररी' म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे दालन नव्हे. अनेक आज्ञावल्यांना सामाईकपणे वापरता येईल असा तयार कामांचा संच, असा तिचा अर्थ. जुन्या कचेरीत फिर्यादी स्वतः दफ्तरखान्यात शिरत नसे. तो कारकुनाकडे अर्ज देई, कारकून आत जाऊन योग्य कागद आणी. आपली लायब्ररी हाच कारकून होय.

माहिती तक्त्यांच्या रूपात मांडून तिचे परस्परसंबंध जोडण्याची कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. पुढे अनेक कंपन्यांनी आपापले डेटाबेस काढले, पण प्रत्येकाचा कारकून वेगळा व त्याची बोली वेगळी. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओडीबीसी' नावाची सामाईक पद्धत प्रसृत केली. तिच्यामुळे आज्ञावलीने एकाच रीतीने प्रश्न विचारावा आणि त्या त्या डेटाबेसच्या 'ड्रायव्हर'ने तो आपल्या बोलीत उतरवावा, अशी सोय झाली. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींवर हेच काम करणारी लायब्ररी म्हणजे 'युनिक्सओडीबीसी'. तिच्या जोडीला डेटाबेस म्हणून 'पोस्टग्रेसक्यूएल' घेता येतो. त्याचा आरंभ १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली झाला व १९९६ मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. या दोहोंची मूळ आज्ञावली, म्हणजे मनुष्याला वाचता येणारा सोर्स कोड, सर्वांस खुला आहे. तो घेण्यास, वाचण्यास, बदलण्यास व दुसऱ्यास देण्यास परवाना मोकळीक देतो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. लिनक्सच्या वितरणांबरोबर ही लायब्ररी तयार स्वरूपातही मिळते, आणि नित्याच्या कामास ती पुरेशी असते. मग मूळ आज्ञावलीपासून ती बांधण्याचा खटाटोप कशासाठी? आपल्या जुन्या यंत्रासाठी तयार प्रत उपलब्ध नसेल, विशिष्ट आवृत्ती हवी असेल, किंवा तयार प्रतीत आपल्याला हवा तो पर्याय वगळलेला असेल, तर बांधणीवाचून गत्यंतर नसते. परंतु अशी निकड नसतानाही शाळेतील निदान एका-दोघांनी ती एकदा करून पाहावी, असे मला वाटते. उद्या तयार प्रत मिळेनाशी झाली, तरी नोंदवहीचे दार उघडता येईल एवढा भरवसा त्यातून लाभतो.

बांधणीचे टप्पे पुढीलप्रमाणे. प्रथम मूळ आज्ञावलीचा गठ्ठा अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावा, आणि त्यासोबत दिलेला पडताळणीचा अंक आपण काढलेल्या अंकाशी जुळतो की नाही ते पाहावे. गठ्ठ्यात एका अक्षराचाही फरक पडला असेल तर अंक जुळत नाही. गठ्ठा उघडल्यावर संगणकावर सी भाषेचा संकलक, ज्याला कंपायलर म्हणतात, असल्याची खात्री करावी.

मग 'कॉन्फिगर' ही आज्ञा द्यावी. ती यंत्राची तपासणी करते: कोणता संकलक आहे, कोणत्या सहायक लायब्रऱ्या आहेत, त्यांच्या घोषणांच्या 'हेडर' फाइली सापडतात का. बहुतेक नवशिक्यांची गाडी येथेच अडते. सहायक लायब्ररी यंत्रावर असते, पण तिच्या हेडर फाइली स्वतंत्र गठ्ठ्यात असल्याने बसविलेल्या नसतात. पडद्यावरील अखेरची ओळ पाहून निराश होऊ नये. 'कॉन्फिग डॉट लॉग' या फाइलीत प्रत्येक तपासणीची हकीकत लिहिलेली असते व बहुधा खरे कारण तेथे सापडते.

त्यानंतर 'मेक' ही आज्ञा मूळ मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करते, आणि 'मेक इन्स्टॉल' ही तयार झालेले भाग नेमून दिलेल्या डिरेक्टरीत ठेवते. शेवटची आज्ञा तेवढी प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी. मग 'एलडीकॉन्फिग' चालवून नवी लायब्ररी कोठे आहे याची प्रणालीस वर्दी द्यावी. ही वर्दी राहिली की 'लायब्ररी सापडत नाही' असा संदेश येतो आणि माणूस बांधणीच चुकली असे समजतो.

युनिक्सओडीबीसी उभी राहिल्यावर पोस्टग्रेसक्यूएलचा ड्रायव्हर त्याच क्रमाने बांधावा. त्याला पोस्टग्रेसक्यूएलची स्वतःची 'लिबपीक्यू' ही लायब्ररी लागते, म्हणून ती अगोदर जागेवर हवी. अखेरीस दोन लहान फाइली लिहाव्या लागतात. 'ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआय' या फाइलीत ड्रायव्हर कोठे आहे ते सांगायचे, आणि 'ओडीबीसी डॉट आयएनआय' या फाइलीत आपल्या डेटाबेसचे नाव, तो ज्या संगणकावर आहे त्याचा पत्ता व दाराचा क्रमांक. पोस्टग्रेसक्यूएलचा नेहमीचा क्रमांक ५४३२ असतो.

अनुभवी माणसासही चकविणारी अडचण येथे येते. आपण बांधलेली प्रत, वेगळे काही न सांगितल्यास, या फाइली 'यूएसआर-लोकल'खालच्या 'ईटीसी' डिरेक्टरीत शोधते. वितरणाबरोबर आलेली प्रत बहुधा मूळ 'ईटीसी'त शोधते. दोन्ही प्रती यंत्रावर असल्या की आपण एका ठिकाणी लिहितो आणि कारकून दुसऱ्याच ठिकाणी वाचतो. 'ओडीबीसीइन्स्ट' या आज्ञेला 'जे' हा पर्याय दिला असता ती कोणत्या फाइली वाचते हे स्पष्ट सांगते. तेवढे पाहून घ्यावे, मग 'आयएसक्यूएल' या लहानशा साधनाने जोडणी करून एखादे नाव मागावे. ते पडद्यावर आले, की वाट तयार झाली.

परंतु आपल्या वहीत तीन लिप्या आहेत, हे विसरून चालणार नाही. डेटाबेस निर्माण करतानाच त्याची लेखनपद्धती यूटीएफ-८ ठेवावी. या पद्धतीत देवनागरी व कन्नड यांचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि उर्दूचे अक्षर २ बाइट. 'बीदर' हे नाव देवनागरीत ४ चिन्हांचे, म्हणून १२ बाइटांचे होते. कन्नडमध्ये शेवटच्या र चा पाय मोडावा लागत असल्याने ते ५ चिन्हांचे, म्हणजे १५ बाइटांचे. उर्दूत ४ अक्षरांचे, ८ बाइटांचे. एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत धरणाऱ्या आज्ञावलीतून नावे अर्धवट कापली जातात किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. पोस्टग्रेसक्यूएलचा ड्रायव्हर युनिकोड व बिगर-युनिकोड अशा दोन्ही रूपांत बांधता येतो. आपण युनिकोड रूपच घ्यावे.

वर्णानुक्रमाचीही तीच कथा. निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावले, तर 'काळे' हे आडनाव 'कासार'च्या आधी येते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या पुढे, त्यामुळे 'कासार' आधी व 'काळे' नंतर यावयास हवे. भाषेप्रमाणे क्रम लावणारी 'आयसीयू' ही लायब्ररी पोस्टग्रेसक्यूएलला १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, जोडता येते. २०२३ च्या १६ व्या आवृत्तीपर्यंत मात्र बांधणी करताना ती मुद्दाम मागावी लागे. एक पर्याय लिहावयाचा राहिला आणि यादीतील काळे भलत्याच पानावर गेले, असे घडू शकते.

फसली तारखांबाबत एक सूचना करावीशी वाटते. फसली सनात ५९० मिळविले की साधारणतः इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. परंतु ते वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने केवळ वर्षावरून केलेल्या रूपांतरात एका सालाची चूक होऊ शकते, आणि जन्मतारखेच्या बाबतीत एक साल ही लहान गोष्ट नाही. म्हणून मूळ तारीख जशी लिहिली असेल तशी एका रकान्यात ठेवावी व रूपांतरित तारीख शेजारच्या रकान्यात. मूळ नोंद कधीही पुसू नये.

आणखी दोन पथ्ये. या नोंदी व्यक्तींच्या खाजगी माहितीच्या आहेत. दाखला शोधणाऱ्या आज्ञावलीस केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, आणि परवलीचा शब्द सर्वांना दिसेल अशा फाइलीत लिहू नये. दुसरे असे, की डेटाबेसमधील सर्व मजकूर साध्या अक्षररूपात बाहेर काढून त्याची प्रत दरमहा वेगळ्या ठिकाणी ठेवावी. साधी मजकूर-फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते. वाट बंद पडली तरी ऐवज हाती राहतो. आणि कागदी रजिस्टर कितीही जीर्ण झाले तरी ते रद्दीत जाता कामा नये.

बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील करेझ आहे. जमिनीखालून पाणी वाहून नेणाऱ्या या बोगद्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी खोदलेल्या आहेत. त्या होत्या म्हणून आत उतरता येत होते, गाळ उपसता येत होता. पुढे लोकांचे उतरणे थांबले, विहिरी बुजल्या व करेझ विस्मरणात गेला. २०१० नंतरच्या दशकात त्याचा गाळ काढण्याचे काम झाले, तेही त्याच विहिरींतून. खुली आज्ञावली ही अशी विहीर आहे. मात्र विहीर असणे पुरेसे नसते, कोणीतरी उतरत राहावे लागते.

त्या शाळेत आम्ही नोंदी पुन्हा टंकित केल्या आणि या वेळी वाट स्वतः बांधली. कोणत्या दिवशी कोणती आवृत्ती घेतली, कोणते पर्याय दिले, कोठे अडलो व काय केल्यावर सुटलो, हे सारे एका साध्या वहीत मराठीत व कन्नडमध्ये लिहून ती वही रजिस्टरांच्याच कपाटात ठेवली आहे. दर वर्षी वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी ती वही समोर घेऊन एका रिकाम्या संगणकावर सारी बांधणी पहिल्यापासून करतात. जेथे वहीतील सूचना अपुरी पडते, तेथे ते स्वतःची ओळ जोडतात. भालकीपासून आळंदपर्यंतच्या शाळांतून शिकून संगणकाच्या व्यवसायात गेलेले माजी विद्यार्थी आज पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे आहेत. त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर आपल्या शाळेचे कपाट एकदा उघडावे व मुख्याध्यापकांना विचारावे, की नोंदी कशात आहेत आणि त्या उघडणारी किल्ली कोणाकडे आहे. औरादची ती विद्यार्थिनी चौथ्या खेपेस आली, तेव्हा तिच्या आजोबांची उर्दूतील नोंद काही क्षणांत सापडली व दाखला त्याच दिवशी तिच्या हाती पडला.