गोदामाचा अभ्यास करणारे वास्तुकलेचे प्राध्यापक

वास्तुकला म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ताजमहाल, गोल घुमट, नाहीतर एखादी उंच काचेची इमारत. पण शहराबाहेरच्या लांबलचक, पत्र्याच्या गोदामाचा अभ्यास वास्तुकलेत होतो का? होतो!

जेसी लेकॅव्हेलियर या प्राध्यापकांनी नगररचना, पायाभूत सुविधा आणि लॉजिस्टिक्स हाच आपला संशोधनाचा विषय केला. न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठ इथे त्यांनी अध्यापन केलं. 'द रूल ऑफ लॉजिस्टिक्स' हे त्यांचं वॉलमार्टवरचं पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध झालं.

आधी लॉजिस्टिक्स म्हणजे काय ते समजून घेऊ. हा शब्द मूळचा लष्करातला. सैन्याला रसद वेळेवर पोहोचवायची, हे त्याचं काम. आज योग्य माल, योग्य वेळी, योग्य ठिकाणी नेण्याच्या सगळ्या व्यवस्थेला लॉजिस्टिक्स म्हणतात.

आता उदाहरण बघा. वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात, रॉजर्स या छोट्या गावी निघालं. पुढे व्यवसाय वाढला, तेव्हा कंपनीने मधोमध गोदाम आणि ट्रक एका दिवसात पोहोचेल इतक्या अंतरावर दुकानं, अशी रचना केली. गोदामात बराचसा माल साठवलाच जात नाही. एका दाराशी आलेल्या ट्रकमधून उतरतो आणि दुसऱ्या दाराशी उभ्या ट्रकमध्ये चढतो. म्हणजे ही इमारत धान्याच्या कणगीसारखी नाही, तर शेतातल्या पाटासारखी आहे. पाणी अडायचं नाही, वाहत राहायचं!

मग अशा इमारतीत माणसाचं काय होतं? कामगाराच्या कानाला हेडफोन असतो. कोणत्या रॅकवरून किती खोकी उचलायची, हे यंत्र त्याला सांगतं. त्याची चाल, त्याचा वेग मालाच्या वेगाशी जुळवावा लागतो. लेकॅव्हेलियर यांच्या पुस्तकात इमारती आणि जागांइतकाच या शरीरांचाही विचार आहे.

म्हणून हा विषय महत्त्वाचा. रस्ता कुठून जाणार, कोणत्या गावात दुकान निघणार, कोणाला कसलं काम मिळणार, हे या साध्या दिसणाऱ्या इमारतींमुळे ठरत जातं. त्यांचा आराखडा काढताना फक्त मालाचा हिशेब केला, तर माणूस बाजूला पडतो.

तुमच्यासाठी उपक्रम: घरी आलेलं एखादं पार्सल घ्या. ते कोणकोणत्या शहरांतून, किती गोदामांतून आणि किती हातांतून आलं असेल, त्याचा नकाशा वहीत काढा.