वाढत्या अंगाचा बूट नको

रविवारी बेंगळुरूच्या कब्बन पार्कातले रस्ते गाड्यांना बंद असतात. सकाळी तिथे इनलाइन स्केट्स घातलेली मुलं दिसतात, तेव्हा थोडा वेळ फक्त त्यांचे घोटे बघा. कुणाचा घोटा सरळ, चाकांच्या रेषेवर उभा असतो. कुणाचे दोन्ही घोटे आत कलंडलेले असतात आणि कडेने आईची हाक येते, "पाय सरळ ठेव!" त्या मुलाने कितीही ठरवलं तरी पाय सरळ राहत नाही, कारण चूक बहुतेक वेळा पायाची नसते, बुटाची किंवा चाकं धरणाऱ्या फ्रेमची असते.

आपल्याकडे मुलांच्या वस्तू वाढत्या अंगाच्या घ्यायची रीत आहे. गणवेश, रेनकोट, सायकल यांत ती चालून जाते. मीही मुलीचे पहिले स्पीड स्केट्स एक नंबर मोठेच घेतले. तिसऱ्या आठवड्यात तिच्या टाचेवर फोड आले, ते भरायच्या आत पुन्हा सोलले, आणि ती रिंकवर जायचं टाळू लागली. दुकानदाराने "कापूस भरा" असं सुचवलं होतं. कापसाने बूट भरतो, पण टाच हलायची थांबत नाही.

बारकाईने पाहिलं की कारण कळतं. सुरुवातीला मुलं ज्या क्वाड स्केट्सवर शिकतात, त्यांत चार चाकं चार कोपऱ्यांवर असतात. पाटावर बसल्यासारखं अंग तोललेलं राहतं. इनलाइनमध्ये सगळी चाकं एका रेषेत. चाकाची रुंदी साधारण २४ मिलिमीटर आणि जमिनीला टेकतो तो भाग त्याहून कितीतरी अरुंद. त्यातून शर्यतीचा बूट घोट्याच्या खालीच संपतो, म्हणजे वरून आधार नाही. बुटाचं कवच टाच आणि तळवा घट्ट धरून ठेवतं, म्हणून घोट्याचा प्रत्येक कल थेट चाकाच्या कडेपर्यंत पोहोचतो. बुटात पाय हलला की तो कल वाटेतच हरवतो.

म्हणून आधी माप. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर पाय ठेवून टाच भिंतीला टेकवा, अंगभार त्याच पायावर द्या, पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा. फरक असेल तर मोठा पाय धरा. नंबर कंपनीगणिक बदलतो, मिलिमीटर बदलत नाही. पातळ मोजा घालून बूट चढवला आणि सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं किंचित सुटतात. तेवढीच मोकळीक हवी. वाढत्या वयात बूट लवकर लहान होतो हे खरं, पण त्यावर उपाय चांगल्या स्थितीतला वापरलेला बूट घेणं हा आहे. रिंकवरच्या पालकांत अशी देवाणघेवाण चालूच असते.

कार्बनच्या बऱ्याच बुटांना उष्णतेने पायाचा आकार देता येतो. बूट तसा आहे याची खात्री करूनच हे करावं. फ्रेम काढायची, नाड्या सैल करायच्या आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये कॉइलपासून दूर ठेवायचा. तापमान बहुधा ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. नेमका आकडा आणि वेळ कंपनीने दिलेलीच पाळावी. मायक्रोवेव्ह अजिबात नको. मग मोजा घालून पाय आत, टाच मागे ठोकून बसवायची, नाड्या बेताच्या आवळायच्या आणि बूट निवेपर्यंत गुडघे वाकवून बसायचं.

तरीही एखादं हाड टोचतच असेल तर त्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका लावा आणि पाय अलगद बुटात घाला. पाय काढल्यावर आतल्या अस्तरावर लाल खूण उमटलेली असते. तेवढाच भाग गरम करून एखाद्या हत्याराच्या गोल मुठीने आतून बाहेर दाबायचा. माझ्या मुलीची खूण आतल्या घोट्याच्या हाडाखाली बोटभर पुढे निघाली. आम्ही मात्र आठवडाभर टाचेलाच दोष देत होतो.

आता फ्रेम. ती बुटाला दोन बोल्टांनी बसते. मोठ्यांच्या बुटांत या बोल्टांमधलं अंतर बहुतेक १९५ मिलिमीटर असतं, लहान बुटांत बऱ्याचदा १६५. फ्रेम वेगळी घेणार असाल तर हे आधी मोजा. लांबीचा हिशोब सोपा आहे. ११० मिलिमीटरची चार चाकं नुसती एकमेकांना टेकवली तरी पहिल्या आणि शेवटच्या आसात ३३० मिलिमीटर होतात. १२५ ची तीन चाकं लावली तर २५०. लांब फ्रेम सरळ रेषेत स्थिर धावते, पण लहान पायाला वळणावर जड जाते. शिवाय चाक मोठं झालं की पाय जमिनीपासून आणखी वर जातो आणि घोट्यावरचा ताण वाढतो. छोट्या मुलांना मोठ्यांची चाकं देण्याची घाई मला पटत नाही.

फ्रेमची पहिली जागा अशी: मागे टाचेच्या मध्यावर, पुढे अंगठा आणि दुसरं बोट यांच्या मधोमध. बोल्ट सैल करण्याआधी पेन्सिलीने बुटाच्या तळाला जुनी जागा आखून ठेवा. मग फरशीच्या सरळ सांध्यावरून मुलाला एका पायावर घसरत जाऊ द्या. घोटा आत कलत असेल तर फ्रेम आतल्या बाजूला सरकवा, बाहेर कलत असेल तर बाहेर. एका वेळी एक-दोन मिलिमीटर, एकाच बुटाची, आणि मग निदान दोन-तीन दिवस तसंच खेळू द्या.

चाकं आणि बेअरिंग यांवर पालकांचे पैसे सर्वांत आधी जातात. खरं तर त्यांचा नंबर शेवटचा. चाक कठीण की मऊ ते 'ए' मापावर सांगतात. ८५ मऊ बाजूचं, ८८ कठीण. खडबडीत डांबरावर मऊ चाक हादरे गिळतं. ढकल आतल्या कडेने बसते, म्हणून झीजही तिथेच होते. पहिलं-तिसरं आणि दुसरं-चौथं चाक अदलाबदल करताना डाव्या पायाचं उजव्याला लावा, म्हणजे झिजलेली कड बाहेर जाते. बेअरिंगला मात्र ओलीपासून सांभाळा. बेंगळुरूत पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो, आणि ओले स्केट्स पिशवीत रात्रभर राहिले की गंज धरलाच.

२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत आपल्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी कांस्य मिळवलं. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्यांची नावं घेऊन मुलं रिंकवर येतात, तेव्हा त्यांच्या पायात निदान बूट तरी मापाचा असावा. माझ्या मुलीची फ्रेम शेवटी डाव्या पायाला तीन मिलिमीटर आत बसली. उजवी होती तिथेच राहिली.