घराचे वायरिंग : बांधकामाचा ठेका घेणाऱ्या तरुणांसाठी



या पानावर एरवी लागण, खोडवा आणि खतांचेच बोलणे चालते. पण उसाचे बिल जमा झाले की गावोगाव घरे निघतात, आणि हल्ली त्यांचे ठेके आपलीच मुले घेतात. विटा-सिमेंट त्यांना कळते. वायरिंग मात्र ‘वायरमन बघेल’ म्हणून सोडून देतात.

घरातली वीज २३० व्होल्टची. फेजमधून येते, न्यूट्रलमधून परत जाते. बटण नेहमी फेजवर हवे. तार म्हणजे आपली पाईपलाईनच समजा, भार वाढला की जाडी वाढली पाहिजे. दिवे-पंख्यांना तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. गिझर, इस्त्रीच्या पॉवर सॉकेटला अडीचची तार, १६ चा एमसीबी. एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा बसवणारे महाभाग आहेत. मग एमसीबी पडत नाही, भिंतीतली तार जळते.

आता मुख्य मुद्दा. एमसीबी तारेला राखतो, माणसाला नाही. एका अँपिअरचा दहावा भागही शरीरातून गेला तर जीव जाऊ शकतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत आली का, हे तो पाहतो आणि फरक पडला की लाईन तोडतो. खर्च कमी करताना ठेकेदार पहिली काट यालाच मारतो, ते करू नका.

अर्थिंगचेही तसेच. अडीच मीटर जी.आय. पाईप, भोवती कोळसा-मीठ, उन्हाळ्यात पाणी. मुरमाड कोरड्या जमिनीत अर्थिंग कमी पडते. तिथे बिघाड झाला तरी एमसीबी पडेलच असे नाही, आरसीसीबी पडतो. काही वायरमन अर्थिंगची तार ओढायचा कंटाळा करून सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकतात. पुढे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरतो, आणि घरातल्या बाईचा ओला हात तिथेच लागतो.

स्लॅबमधले पाईप काँक्रीटच्या आधी टाकावे लागतात, तेव्हा पॉइंट घरमालकाकडून लिहून घ्या. काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करावे. नव्या जोडणीला त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. नुसती सही घेऊ नका. घर ताब्यात देताना आरसीसीबीचे टेस्ट बटण मालकासमोर दाबून दाखवा, आणि महिन्यातून एकदा त्यालाही दाबायला सांगा.

— ऊस विकास अधिकारी