फादर स्टीफन्सचे गोव्यांतील पहिले दिवस

धर्मकार्यासाठीं परदेशीं जाणाऱ्या तरुण मिशनऱ्याच्या आयुष्यांत पहिला आठवडा मोठा कसोटीचा असतो. घरदार सुटलेलें असतें, अन्नपाणी निराळें असतें, भाषा कळत नसते. आणि ज्यांना कांहीं सांगावयाचें म्हणून एवढा प्रवास केला त्यांच्यापुढें तूर्त मुक्याबहिऱ्यासारखें वावरावें लागतें. या दिवसांत तो नव्या देशाकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो, यावर त्याच्या पुढील कार्याचें स्वरूप पुष्कळसें अवलंबून असतें. अशा नवख्या दिवसांत लिहिलेलें एक पत्र सुदैवानें उपलब्ध आहे. महाराष्ट्रीय वाचकांना त्याचें विशेष महत्त्व वाटावें, कारण तें लिहिणारा इंग्रज तरुण पुढें ‘क्रिस्तपुराण’ या मराठी काव्याचा कर्ता झाला.

थॉमस स्टीफन्स याचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यांत झाला. त्या वेळीं तेथें लौकरच एलिझाबेथ राणीचा अंमल सुरू व्हावयाचा होता. तिच्या राज्यांत प्रॉटेस्टंट पंथ हा राजधर्म ठरला, आणि जुन्या कॅथॉलिक पंथास चिकटून राहणें म्हणजे दंड, तुरुंग व प्रसंगीं मरणही ओढवून घेणें झालें. स्टीफन्सचा स्नेही थॉमस पाउंड हा याच कारणानें बंदिवासांत पडला. स्टीफन्स मात्र रोमला पोहोंचला, आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं त्यानें तेथें जेज्विट संघांत प्रवेश केला. या संघास पोपची मान्यता १५४० मध्यें मिळाली होती, आणि १५४२ मध्यें त्याच संघाचा फ्रान्सिस झेवियर गोव्यास येऊन गेला होता. वरिष्ठांची आज्ञा निमूटपणें पाळावयाची, ही संघाची मुख्य शपथ. हिंदुस्थानास जाण्याचें कारण वडिलांना कळवितांना स्टीफन्सनें एवढेंच म्हटलें आहे कीं, एका शब्दांत सांगावयाचें तर तें आज्ञापालन होय.

१५७९ च्या मार्चअखेर तो लिस्बनला आला, तेव्हां जहाजें निघण्यास अवघे आठ दिवस उरले होते. ही मंडळी वेळेवर पोहोंचत नाहीं असें समजून त्यांच्या जागीं दुसऱ्यांची नेमणूकही होऊन चुकली होती. तथापि त्यांना जागा मिळाली, आणि ४ एप्रिल रोजीं तोफांच्या व तुताऱ्यांच्या गजरांत पांच जहाजें गोव्याकडे निघालीं. खलाशी व शिपाई यांखेरीज त्यांवर पुष्कळ मुलें होतीं, स्त्रियाही होत्या. आणि समुद्राचा त्रास मोठ्या माणसांपेक्षां मुलें अधिक चांगला सोसतात, असें स्टीफन्सला आढळून आलें.

सहाच दिवसांनीं मादेरा बेटाजवळ एका इंग्रज जहाजानें त्यांच्यावर गोळे टाकले. पोर्तुगीजांनीं मोठ्या तोफा डागतांच तें निघून गेलें. स्वदेशाचें जहाज आपल्यावरच चालून आलेलें पाहून स्टीफन्सला काय वाटलें असेल? एवढें सुंदर व मोठें जहाज असल्या वाईट उद्योगाला लागावें याचें वाईट वाटलें, इतकेंच तो लिहितो.

पुढें गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला. विषुववृत्ताच्या अलीकडच्या सहा अंशांत जहाजाचे तीस दिवस गेले. तेथील पावसाचें पाणी जरा सांचून राहिलें कीं त्यांत किडे होत, आणि टांगलेल्या मांसावर तें पडलें कीं मांसही किड्यांनीं भरून जाई. दिशाशोधनाची अडचण तर याहून मोठी होती. सूर्य व तारे यांच्या उंचीवरून उत्तर-दक्षिण अंतर काढतां येतें. पूर्व-पश्चिम अंतर काढण्यास आकाशांत तसा स्थिर बिंदु नाहीं, ही गोष्ट स्टीफन्सनें वडिलांना समजावून सांगितली आहे. समुद्रावर भरंवशाची वेळ दाखविणारें घड्याळ अठराव्या शतकांत तयार झालें, तेव्हां कुठें ही अडचण दूर झाली. तोंवर नावाडी पक्षी, वारे आणि होकायंत्र यांच्या आधारें तर्कानें चालत.

२९ जुलैच्या सुमारास केप ऑफ गुड होप गांठलें. तेथून हिंदुस्थानास येण्याचे दोन मार्ग होते : एक मादागास्कर बेटाच्या आंतून, दुसरा बाहेरून. बाहेरच्या मार्गानें मध्यें बंदर लागत नसे, आणि यांच्या नशिबीं तोच आला. महिनोन्महिने ताजी भाजी व फळें न मिळाल्यानें हिरड्या सुजूं लागल्या, इतक्या कीं त्या कापून टाकाव्या लागत; पाय सुजले, अंग बधिर झालें. हा रोग म्हणजे स्कर्व्ही. तो ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावीं होतो, हें ज्ञान विसाव्या शतकांतलें. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस दगावलीं. आणि मागील सफरींच्या मानानें ही हानि थोडीच, असें जहाजावरील लोक समजत. स्टीफन्सची प्रकृति मात्र, अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध, अखेरपर्यंत ठीक राहिली.

भूमि जवळ आल्याच्या खुणा त्यानें क्रमानें दिल्या आहेत. प्रथम हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे पक्षी दिसले. नंतर माडाच्या झावळ्या व गवत वाहत आलें. त्यामागून पाण्यावर पोहणारे साप, आणि निसर्गानेंच छाप मारलेल्या नाण्यासारखा वाटोळा पदार्थ. या शेवटच्या दोन खुणा दिसल्या कीं दुसऱ्या दिवशीं किनारा दिसावयाचाच, असा अनुभव असे. पाणी व शिधा संपत आला असतां किनारा दिसला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, दोनशेंहून अधिक दिवसांच्या प्रवासानंतर, जहाज गोव्यास लागलें. तेथें त्यांचें अत्यंत प्रेमानें स्वागत झालें.

मांडवीच्या तीरावरील तें गोवें शहर, म्हणजे आजचें जुनें गोवें, पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होतें. आज यात्रेकरू व प्रवासी जें बाँ जेझूस चर्च पाहतात त्याचा पाया अद्याप घातलेला नव्हता. तें काम १५९४ मध्यें सुरू झालें. झेवियरचें शव त्या वेळीं सेंट पॉल विद्यालयांत होतें, आणि हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ पासून याच शहरांत होता.

उतरल्यापासून सतराव्या दिवशीं, १० नोव्हेंबरला, स्टीफन्सनें वडिलांना पत्र लिहिलें. त्याचा बहुतेक भाग प्रवासानें व्यापला आहे. गोव्याविषयींच्या ओळी थोड्याच. पण त्या वाचण्यासारख्या आहेत. येथील लोक सांवळे आहेत, असें तो सांगतो, आणि लागलीच आफ्रिकेंतील लोकांच्या चेहरेपट्टीशीं त्यांची तुलना करतो. ती तुलना आज वाचकाला बोचते. त्या काळच्या युरोपीय माणसाचा पूर्वग्रह त्यालाही सुटलेला नव्हता. सामान्य लोक कमरेच्या दोऱ्याला वीतभर वस्त्र लावून वावरतात, हें पाहून तो नवल करतो. परंतु त्यास पुस्ती अशी जोडतो कीं, आपण युरोपीय लोक साऱ्या नटण्यामुरडण्यानिशीं स्वतःला जितके नीटनेटके समजतों तितकेच हेही स्वतःला समजतात. नवख्या माणसाच्या लेखणींतून इतक्या लौकर असें वाक्य उतरणें ही सामान्य गोष्ट नव्हे. दुसऱ्याच्या राहणीचें माप दुसऱ्याच्याच मनाप्रमाणें लावावें लागतें, याची अस्पष्ट जाणीव त्यांत आहे.

झाडांविषयीं तो म्हणतो कीं, युरोपांत पाहिलेलें एकही झाड येथें दिसलें नाहीं. अपवाद एका द्राक्षवेलीचा, पण तीही येथें निरुपयोगी, म्हणून सारी दारू पोर्तुगालहून येते. पिण्यास चांगलें पाणी, नाहीं तर माडी किंवा नारळ. फळांविषयीं व वृक्षांविषयीं लिहावयाचें तर एवढेंच लांब दुसरें पत्र लागेल, असें म्हणून तो थांबतो. प्रकृति ठीक राहिल्यास पुन्हां लिहीन, एवढें आश्वासन देऊन पत्र संपतें.

जें लिहिलें आहे त्याइतकेंच, जें लिहिलें नाहीं तेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. येथील धर्म, चालीरीति, स्वभाव यांविषयीं त्यांत एकही अभिप्राय नाहीं. गोव्यांतील अधिकारी याबाबतींत मुळींच मौन बाळगीत नव्हते. इन्क्विझिशनचें न्यायासन तेथें १५६० मध्यें बसलें होतें, आणि तें मोडण्यास १८१२ साल उजाडावें लागलें. १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. त्या धामधुमीच्या काळांत भाविकांनीं कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली. तीं दैवतें आजही तेथें नांदत आहेत. ज्या साष्टी प्रांतांत स्टीफन्सला पुढें आयुष्य घालवावयाचें होतें तो असा पोळलेला होता.

१५८० मध्यें गोव्यासच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली व नंतर साष्टींत त्याची नेमणूक झाली. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें भयंकर प्रसंग घडला. देवळें गमावलेल्या गांवकऱ्यांनीं, चर्चसाठीं जागा पाहावयास आलेल्या पांच जेज्विटांना ठार केलें. अकबराच्या दरबाराहून नुकताच परतलेला रुदोल्फो आक्वाविवा त्यांत होता. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांना असोळणें येथें बोलावून त्यांचा वध केला. दोन्ही बाजूंचें रक्त सांडलें, आणि मध्यें उभी होती ती अविश्वासाची भिंत.

त्याच वर्षीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, म्हणजे गोव्यांत पाऊल टाकल्यास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, स्टीफन्सनें आपल्या भावास लॅटिनमध्यें पत्र लिहिलें. साष्टींतील मृत्यूंची हकीगत त्यांत आहे; आणि त्याच पत्रांत येथील भाषांविषयींही मजकूर आहे. या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानास गोड आहेत, त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे आणि वाक्यरचना थक्क करणारी आहे, असें तो म्हणतो. येथील अक्षर हें व्यंजन व स्वर मिळून होतें, आणि त्यांच्या जोडण्यांप्रमाणें त्याचा आकार बदलतो, हेंही त्यानें टिपलें आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें नातें सर विल्यम जोन्स यानें कलकत्त्यास १७८६ मध्यें मांडलें. त्याच्या दोनशें वर्षें आधीं या पाद्र्यास त्या साम्याची चाहूल लागली होती. पहिल्या पंधरवड्यांत ज्याला ओळखीचें एक झाड सांपडेना, त्याला चार वर्षांनीं येथील बोलींत घरच्या विद्येचें नातें सांपडलें. मधल्या काळांत त्यानें केलें काय? तो लोकांत राहिला, त्यांचें ऐकलें, आणि शिकत गेला.

या शिक्षणाचीं फळें मोठीं आहेत. सामान्य जनांची कोंकणी त्यानें आत्मसात केली व तिचें व्याकरण लिहिलें. तें त्याच्या मरणानंतर, १६४० मध्यें, इतरांच्या भरीसह छापलें गेलें. हिंदी भाषांपैकीं एखाद्या भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण समजलें जातें. पण धर्मकाव्याची भाषा मराठी होती. जुनीं पुराणें सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागीं कांहीं तरी हवें होतें. त्यांच्यासाठीं स्टीफन्सनें ओवी छंदांत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचलें व तें १६१६ मध्यें रायतूर येथें छापून प्रसिद्ध झालें. स्वर्गास त्यांत वैकुंठ म्हटलें आहे. मजकूर मराठी, पण अक्षरें रोमन, कारण देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची सोय नव्हती. ते पाडण्याची परवानगी त्यानें १६०८ मध्यें रोमकडे मागितली होती. ती इच्छा पुरी झाली नाहीं. १६१९ मध्यें तो गोव्यांतच वारला. जन्मभूमीचें दर्शन त्याला पुन्हां घडलें नाहीं.

येथें एक गोष्ट निःसंकोचपणें म्हटली पाहिजे. स्टीफन्स हा धर्मांतर घडविणाऱ्या संघाचा निष्ठावंत सेवक होता, आणि ज्या सत्तेनें देवळें पाडलीं तिच्याच छायेखालीं त्याचें कार्य चाललें. त्याच्या भाषाप्रेमानें त्या सत्तेचें धोरण पालटलें नाहीं. उलट १६८४ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान निघालें. तरी लोकांनीं आपली बोली सोडली नाहीं, आणि ‘क्रिस्तपुराण’ हस्तलिखितांतून जिवंत राहिलें. १९०७ मध्यें मंगळूर येथें तें रोमन अक्षरांत पुन्हां छापलें गेलें, व १९५६ मध्यें पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ति निघाली.

या काव्याच्या आरंभीं मराठीची जी स्तुति आहे ती आज शाळेंतील मुलांनाही ऐकून माहीत असते. तिच्यांत मोगरी आहे, मोर आहे, वृक्षांमध्यें कल्पतरु आहे. येथील फळांवर व वृक्षांवर एक लांबलचक पत्र लिहावें लागेल, असें पहिल्या पंधरवड्यांत म्हणून जो थांबला होता, त्याची ही वाणी आहे. परक्या देशांत उतरतांच त्याच्याविषयीं निकाल देण्याचा मोह कोणासही होतो, मग तो मिशनरी असो, व्यापारी असो, कीं विद्यार्थी असो. स्टीफन्सनें दिसलें तेवढें लिहिलें, आणि उरलेलें शिकण्यासाठीं चाळीस वर्षें खर्ची घातलीं.